मन लागण्याची वाट न पाहता

घाटकोपर किंवा मुलुंडमधल्या एखाद्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात नैराश्य सहसा स्वतःचं नाव सांगून येत नाही. ते पाठदुखी म्हणून येतं, ॲसिडिटी म्हणून येतं, ‘अंगात त्राणच नाही’ म्हणून येतं. पन्नाशीची बाई सांगते, पहाटे तीनला जाग येते आणि मग काही केल्या डोळा लागत नाही. पंचविशीचा मुलगा विचारतो, बी-ट्वेल्व्ह कमी झालं असेल का? दोघंही खोटं बोलत नसतात. दुखतं ते खरंच दुखतं. गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी बायकांच्या आरोग्याची पाहणी केली, तेव्हा सततचा थकवा आणि अंगावरून पांढरं जाणं या तक्रारींचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि उदासीशी जास्त जुळलेला दिसला. म्हणून शहाणा डॉक्टर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासायला सांगतो. थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच गळून जातो. पण रिपोर्ट नॉर्मल आले की ‘काही झालेलं नाही’ म्हणून तो फाइल बंद करत नाही. आणखी दोन प्रश्न विचारतो.

ते दोन प्रश्न असे: गेले दोन आठवडे बहुतेक दिवस, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न असतं का? आणि ज्यात पूर्वी रमायचात त्यातली गोडी गेली आहे का? नैराश्याच्या निदानात एकूण नऊ लक्षणं बघतात. ही दोन त्यातली मुख्य. बाकीची म्हणजे झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, हालचाल मंदावणं किंवा उलट जिवाची तगमग होणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार येणं. नवांपैकी पाच, त्यात मुख्य दोनपैकी निदान एक, जवळजवळ रोज, दोन आठवडे, आणि त्यामुळे रोजचे व्यवहार अडलेले, असं असेल तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. याच नऊ लक्षणांवरून २००१ साली पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. शून्य ते सत्तावीस गुण, दहा किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी हवी. मराठीतही ती वापरली जाते. पाचचा आकडा काही निसर्गाने आखून दिलेला नाही. चार लक्षणं असलेल्या माणसाचेही हाल होत असतातच.

साध्या दुःखात आणि यात फरक काय? दुःखातला माणूस कुणी जुना मित्र भेटायला आला तर घटकाभर हसतो. नैराश्यात मित्र येतो, हसण्यासारखं बोलतो, ते विनोदी आहे हे कळतं, पण आत काही हलत नाही. दुसरी एक खूण सकाळची. तीव्र नैराश्यात बरेचदा सकाळ सर्वांत जड असते आणि संध्याकाळी जरा हलकं वाटतं. आता बोरिवलीत किंवा मुलुंडमध्ये सकाळ म्हणजे काय, ते सांगायला नको. ज्या वेळी पांघरूण बाजूला करणं हेच मोठं काम वाटतं, नेमक्या त्या वेळी डबा, अंघोळ, रिक्षाची रांग आणि फास्ट लोकल. तरीही पुष्कळ जण ही गाडी पकडतात, वर्षानुवर्षं पकडतात. आपल्याकडे कामावर जाणाऱ्या माणसाला कुणी आजारी म्हणत नाही. रविवारी तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, तेव्हा ‘आठवडाभर दमतो बिचारा’ म्हणून दार लोटून घेतात. घर सांभाळणाऱ्या बाईचं तर त्याहून अवघड. पोळ्या होतात, धुणी होतात, मुलं शाळेत जातात, म्हणजे सगळं ठीकच असणार!

हे चालतं कसं, ते जरा सावकाश बघू. कारण बरं होण्याची वाट त्यातूनच सापडते.

समजा, अंधेरीत राहणारा चाळिशीचा एक गृहस्थ आहे. नोकरी गेली, किंवा आई गेली, किंवा बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि वीस वर्षांचा शेजार तुटला. कधीकधी असं काहीच घडलेलं नसतं. घराण्यात आजार असतो, लहानपणीचे घाव असतात, नाहीतर रात्रपाळीत झोपेचं चक्र मोडलेलं असतं. सुरुवात कशानेही होवो, पुढचा रस्ता बहुतेकांचा सारखाच. आधी बारीकसारीक गोष्टी सुटतात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावरची चक्कर. शाळेतल्या मित्राला फोन. पेटी वाजवणं. सोसायटीच्या गणपतीची मीटिंग. एकेक सोडली की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं: बरं झालं, कुणाशी बोलावं लागलं नाही. ही सुटकाच घात करते, कारण पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं. इकडे दिवसातून ज्या चार ठिकाणी थोडंसं बरं वाटायचं ती ठिकाणंच उरत नाहीत. मन आणखी खाली जातं. खाली गेलं की आणखी टाळलं जातं.

यात आजाराचा एक कावा असतो, तो ओळखायला हवा. चांगल्या अनुभवाला मेंदू जो प्रतिसाद देतो, तोच या काळात मंदावलेला असतो. म्हणून बायकोच्या आग्रहाखातर गृहस्थ एकदा किनाऱ्यावर जाऊन येतो आणि सांगतो, ‘गेलो होतो, काही वाटलं नाही.’ ते खरं असतं. पण त्यावरून तो अनुमान काढतो की आपला आता कशाशीच संबंध उरला नाही, म्हणून जाण्यात अर्थ नाही. मग तो मन होण्याची वाट बघत बसतो. मन झालं की जाईन, मूड आला की फोन करीन. निरोगी माणसात इच्छा आधी येते आणि कृती मागून. नैराश्यात हा क्रम उलटतो. कृती आधी करावी लागते, पुष्कळदा कोरडेपणानेच करावी लागते, आणि इच्छा काही आठवड्यांनी मागून येते. मला विचाराल तर नैराश्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवावी.

पीटर लेविनसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात ही कल्पना मांडली. १९९६ साली नील जेकबसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणाऱ्या मानसोपचाराचे भाग सुटे करून पाहिले, तेव्हा नुसता ‘दिनक्रम पुन्हा हलता करा’ एवढा भागही संपूर्ण उपचाराइतकाच उपयोगी पडला. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं काम घडलं ते शेजारच्या गोव्यात. मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९६ साली ‘संगाथ’ सुरू केली. प्रश्न साधा होता: मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि रुग्ण गावोगावी, तर हे काम कोण करणार? त्यांनी मानसशास्त्राचं कोणतंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याशिवाय सहा ते आठ बैठका, प्रत्येकी अर्ध्यापाऊण तासाची, केंद्रात नाहीतर घरी. तीन महिन्यांनी आजाराच्या बाहेर आलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ३९ टक्के होतं, दुसऱ्यात ६४ टक्के. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं. एका वर्षानंतरही फायदा टिकून होता.

त्या बैठकांत गूढ असं काही नव्हतं. आपल्याकडच्या माणसाला ते कसं लागू पडेल ते बघा.

पहिल्या आठवड्यात काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. दिवस कसा गेला, आणि त्या त्या वेळी मन शून्य ते दहामध्ये कुठे होतं. अंधेरीचा आपला गृहस्थ म्हणेल, सगळा दिवस शून्य. लिहिल्यावर दिसतं की सगळा शून्य नसतो. भाजी आणायला खाली गेला तेव्हा दोन होता, दुपारी सोफ्यावर मोबाइल चाळत दोन तास गेले त्यानंतर पुन्हा शून्य. फोन बघणं वाईट असं कुणी म्हणत नाही. ते केल्यानंतर आकडा वर गेला की खाली, एवढंच पाहायचं.

दुसऱ्या आठवड्यापासून एखादी कृती ठरवायची. इथेच घरचे आणि रुग्ण दोघंही चुकतात. बोरिवलीकर उत्साहाने सुचवतात, रोज पहाटे नॅशनल पार्कात चालायला जा. जो माणूस तीन दिवस अंघोळ करू शकलेला नाही, त्याच्यासाठी नॅशनल पार्क फार लांब आहे. एक दिवस जाईल, दुसऱ्या दिवशी जमणार नाही, आणि ‘मला एवढंही जमत नाही’ या यादीत भर पडेल. पायरी हास्यास्पद वाटेल इतकी लहान हवी. सकाळी दात घासून चहा बाल्कनीत उभं राहून प्यायचा. बिल्डिंगच्या गेटपर्यंत जाऊन परत यायचं. मुद्दा अंतराचा नसतो, वेळ ठरवण्याचा असतो. ‘जमेल तेव्हा’ असं न लिहिता ‘साडेसात वाजता’ असं लिहायचं, आणि साडेसात वाजले की मनाला न विचारता उठायचं. बरं वाटेल अशी अपेक्षाही ठेवायची नाही. गेलो आणि आलो, खूण केली, झालं. काही दिवसांनी गेटचा कोपरा होतो, कोपऱ्याचं गार्डन होतं, आणि गार्डनमध्ये कधीतरी ओळखीचं कुणी भेटतं. फक्त मजेच्या गोष्टी निवडू नयेत. थकलेलं वीजबिल भरणं, कपाटाचा एक खण आवरणं यांतही ‘एक काम हातावेगळं झालं’ याचा आधार असतो. खरे प्रश्नही असतातच, कर्ज, दारू पिणारा नवरा, अडलेलं भाडं. गोव्याच्या बैठकांत त्यांचीही एकेक करून तड लावण्याचा भाग होता. नुसतं चालून घरातली मारहाण थांबत नाही.

मुंबईत प्रवासाचा वेळ हा खास मुद्दा. रोज दोन-तीन तास लोकलमध्ये उभं राहिल्यावर माणूस डायरीत कृती लिहिणार कुठे? पण हा वेळ रिकामा नसतो. खांबाला धरून उभ्या माणसाच्या डोक्यात तेच ते दळण चालू असतं: मी असं का बोललो, साहेब काय म्हणतील, माझंच चुकलं. या दळणाला धरण्यासाठी मराठीत एक चांगली परंपरा आहे, ती विसरू नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला. मुंबईच्या किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून तो इथे रुजवला आणि त्यावर मराठीत लिहिलं. अंजली जोशी यांचं ‘अल्बर्ट एलिस : विचारदर्शन’ अनेकांच्या घरी असेल. त्यातला गाभा असा की घटना थेट भावना जन्माला घालत नाही, मध्ये आपली समजूत असते. प्रमोशन हुकलं ही घटना. ‘मिळालं असतं तर बरं झालं असतं’ असं म्हटलं तर वाईट वाटतं. ‘मला मिळायलाच हवं होतं, नाही मिळालं म्हणजे मी नालायक’ असं म्हटलं तर माणूस कोसळतो. लोकलमध्ये उभ्या उभ्या हा ‘च’ पकडण्याचा सराव करता येतो.

मात्र दोन इशारे. आजार खोल असताना स्वतःच्या विचारांशी वाद घालायला लागणारी ताकदच नसते, तेव्हा आधी गेटपर्यंत चालणं, वाद नंतर. आणि हे शास्त्र नातेवाइकांच्या हाती काठीसारखं देऊ नये. ‘तुझे विचारच चुकीचे आहेत’ हे ऐकून आजवर कुणी बरं झालेलं नाही.

आता गोळ्या. त्यांच्या कथेचा एक धागा मुंबईतच सुरू होतो. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेवरचा आपला अनुभव छापला: या मुळीने रक्तदाब उतरतो. जगभर तिची मागणी वाढली. १९५२ साली तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. पुढे डॉक्टरांना दिसू लागलं की रेसरपिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, आणि प्रयोगशाळेत आढळलं की ते मेंदूतले सेरोटोनिनसारखे निरोपे रेणू रिकामे करतं. दुसरीकडे क्षयरोगाच्या एका औषधाने काही रुग्ण अचानक टवटवीत झाले होते, आणि ते हेच रेणू वाढवत होतं. या दोन टोकांना जोडून १९६०च्या दशकात सिद्धान्त तयार झाला: नैराश्य म्हणजे या रेणूंची कमतरता. आजही कित्येक क्लिनिकांत ‘तुमचं सेरोटोनिन कमी झालंय’ असं सांगतात. समजवायला सोपं पडतं, पण खरं इतकं सरळ नाही. रेसरपिनने खरोखर किती जणांना नैराश्य आलं यावरही पुढे शंका घेतली गेली. गोळी घेतल्यावर सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत सुरू होतो, मन मात्र दोन ते सहा आठवड्यांनी उचलतं. म्हणजे मधल्या काळात मेंदूच्या पेशींच्या आपसातल्या जोडण्यांत काही संथ फेरबांधणी होत असावी. सिद्धान्त अपुरा निघाला म्हणून गोळ्या निकामी ठरत नाहीत. मध्यम आणि तीव्र नैराश्यात त्या उपयोगी पडतात, हे पुष्कळ चाचण्यांतून दिसलेलं आहे.

हा दोन ते सहा आठवड्यांचा उशीर समजून न घेतल्यामुळे पुष्कळ उपचार फसतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, थोडी अस्वस्थता येते आणि फायदा काहीच दिसत नाही. नेमक्या तेव्हा कुणीतरी सांगतं, ‘या गोळ्यांची सवय लागते, सोडून दे.’ एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांची नशा येत नाही, मात्रा वाढवत न्यावी अशी ओढही लागत नाही. मात्र एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायच्या. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवायच्या असतात. पूर्वी कधी उलट टोकाचा काळ आला असेल, म्हणजे झोपेशिवाय उत्साह, वारेमाप खर्च, मोठमोठ्या योजना, तर ते पहिल्याच भेटीत सांगावं. मग आजार वेगळा असू शकतो आणि औषधही बदलतं. पंचविशीच्या आतल्या मुलांवर सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं.

उपनगरातली आणखी एक अडचण पुस्तकात नसते. बोलायला जागा कुठे आहे? वन रूम किचनमध्ये पाच माणसं, भिंतीपलीकडे शेजारी. फोनवर समुपदेशन घेणारे लोक गच्चीवर जातात, जिन्यात बसतात. समुपदेशकाला सुरुवातीलाच सांगून टाकावं की घरात आहे, ‘हो-नाही’ एवढंच बोलता येईल. त्याला त्याची सवय असते.

घरच्यांनी काय म्हणावं? ‘विचार करू नकोस’, ‘मन रमव’, ‘तुला काय कमी आहे’, ही तीनही वाक्यं मायेपोटी येतात आणि तिन्हींनी माणूस आणखी एकटा पडतो. त्यापेक्षा ‘मी खाली दूध आणायला जातोय, चप्पल घाल’ हे चांगलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाला २०१७ साली सुवर्णकमळ मिळालं. त्यातली जानकी आत्महत्येच्या काठावरून आलेल्या मुलाला घरात जागा देते, जेवायला देते, आणि त्याला प्रश्न विचारून भंडावत नाही. मनोविकारतज्ज्ञ असलेले डॉ. मोहन आगाशे त्याचे एक निर्माते होते, हे चित्रपट पाहताना जाणवतं.

एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा, आणि सरळ शब्दांत: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचं हायसं वाटतं. उत्तर हो असेल, त्यातही काही ठरवलेलं असेल, तर माणसाला एकटं ठेवू नये, धोक्याच्या वस्तू दूर कराव्यात आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठावं. पोलिसांच्या लचांडाची भीती आता धरायचं कारण नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमच उरलं नाही. त्याच २०१७च्या कायद्याने विमा कंपन्यांनाही मानसिक आजार शारीरिक आजारांप्रमाणेच धरायला सांगितलं आहे. पॉलिसीचे कागद त्या नजरेने एकदा वाचावेत.

जायचं कुठे? अंधेरी-बोरिवलीकरांना जुहूचं कूपर जवळ, घाटकोपर-मुलुंडकरांना सायन. दोन्ही महापालिकेची, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर केसपेपर काढायचा आणि गर्दीची तयारी ठेवून जायचं. मुलुंडच्या पलीकडे ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ फोनवरून समुपदेशन करते. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत, मराठीतही चालू आहे. तिथे रुग्णानेच फोन करायला हवा असं नाही, बायको, भाऊ, मैत्रीण कुणीही करू शकतं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (१२ राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता) दर वीस प्रौढांमागे एकाला कधी ना कधी नैराश्य येऊन गेल्याचं दिसलं, आणि त्यांतल्या सुमारे ८५ टक्क्यांना उपचार मिळालेले नव्हते.

बरं झाल्यावरही हा आजार पुन्हा येऊ शकतो, आणि प्रत्येकाचा परत येण्याचा रस्ता ठरलेला असतो. एखाद्याचं दाढी करणं सुटतं, एखादीचं बहिणीला फोन करणं. आपलं पहिलं काय सुटतं ते बऱ्या दिवसांतच कागदावर लिहून, घरातल्या एका माणसाच्या हातात द्यावं. दोन आठवडे ते सुटलेलं दिसलं तर त्याने न विचारता अपॉइंटमेंट घ्यायची, एवढं आधीच ठरवून ठेवावं.